कुलूप शाबूत आहे

घरमालकाशी ठरलेल्या अटींपैकी एकही अट मी मोडलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ‘मधल्या खोलीतल्या फडताळाचं कुलूप भाडेकरूनं काढू नये’ अशी अट होती. कुलूप मी काढलं नाही. मी बिजागऱ्या काढल्या.

ज्याची हयात बंदरावरच्या कचेरीत नियम आणि पोटनियम वाचण्यात गेली, त्याला कुलूप आणि बिजागरी यांतला फरक कळायचा नाही तर कुणाला? पण अख्ख्या रेवदंड्यात हा फरक समजून घेणारा माणूस मला भेटला नाही. आमची मंडळीसुद्धा म्हणाली, “अगबाई, ही तर चोरीच झाली!” आणि लगेच म्हणाली, “वरच्या फळीवर बरण्या मावतील का हो?”

तिचाही दोष नव्हता. दोन खोल्या आणि एक ओटी, एवढं आमचं घर. त्यात वैशाख सरत आलेला, म्हणजे आगोटीचे, पावसाआधी बेगमी भरायचे दिवस. पावसाचे चार महिने समुद्र बंद, होड्या वाळूवर, अलिबागची वाट चिखलात. तेव्हा खायचं, जाळायचं, पेटवायचं जे काही असेल ते पाऊस लागायच्या आत घरात येऊन पडलं पाहिजे. तांदूळ आले, डाळी आल्या, सोडे, बोंबील, आमसुलं, पापड, नारळ, सरपण आणि रॉकेलचे डबे आले. आणि हे सगळं आलं कुठं, तर ज्या घरात मला माझी टोपी अडकवायला खुंटी मिळत नव्हती तिथं.

आता माझं म्हणाल तर मी टापटिपीचा माणूस. “टिपणिसांच्या टेबलावर माशी बसली तरी रांगेत बसते,” असं आमचे रावसाहेब चारचौघांत म्हणत. असा माणूस घरी आला की उंबऱ्यातच सरपणाला अडखळायचा. मनाला लागणार नाही?

शेजारच्या नीराबाईंनी सल्ला दिला, “वैनी, पलंगाखाली सारा की. कोन बघतंय?” म्हणून बोंबील पलंगाखाली गेले. कुणी बघितलं नाही हे खरं, पण वास सगळ्यांना आला. कचेरीत रावसाहेब माझ्याकडे बघून शिपायाला म्हणाले, “ती खिडकी उघड जरा.” खिडकी उघडीच होती. नीराबाईंचा नवरा बुधाजी हा जुना तांडेल, जन्म होडीवर गेलेला. तो म्हणाला, “आढ्याला टांगा, राव. वरची जागा फुकट जाताय.” मग शिंकाळी टांगली. देवापुढं वाकून उठलो की सोड्यांची पिशवी टाळूवर आशीर्वाद देऊ लागली.

आणि आमची ही दशा चालू असताना मधल्या खोलीच्या भिंतीत पुरुषभर उंचीचं, सागवानी झडपांचं फडताळ कुलूप लावून मजेत उभं! येता-जाता ते माझ्याकडे बघतं आहे असं मला वाटे.

मी घरमालकाकडे गेलो. घरमालक अलीमियाँ यांचं बाजारात काथ्या आणि दोरखंडांचं दुकान होतं. माणूस मऊ, हसतमुख. पण फडताळाचं नाव काढताच हसू विरलं. “टिपणीसराव, घर माझं, फडताळ अम्मांचं. त्यात मी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.” दुकानामागच्या खोलीत त्यांच्या अम्मा, जैबुन्निसा, खाटेवर पडून असत. कमरेतून गेलेल्या, बाहेर पडून वर्षं झालेली. उशाशी तांब्याचा गोल पानाचा डबा, तो क्षणभर नजरेआड होऊ देत नसत. त्यांनी आतूनच विचारलं, “कुलूप शाबूत हाय ना, बाबा?”

“आहे,” मी म्हणालो. त्या दिवशी बिजागऱ्यासुद्धा शाबूत होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी मी एका झडपेचे स्क्रू काढले. दोन्ही झडपा कुलपासकट एका बाजूला अशा सुरेख उघडल्या की मला माझाच अभिमान वाटला. आत बघितलं आणि तो अभिमान तिथंच थिजला. फडताळ पूर्ण रिकामं होतं. रिकामं असण्याचं काही नाही. पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या त्या फळ्यांवर धुळीचा कण नव्हता. कोळिष्टक नव्हतं, झुरळ नव्हतं. आत्ताच कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून गेल्यासारखं लाकूड थंडगार लागलं, आणि गलबताच्या तळाला फासतात त्या माशाच्या तेलाचा वास आला.

“बघा, झाडायचंसुद्धा काम नाही,” मंडळी म्हणाली. तिचा आवाज मात्र नेहमीपेक्षा बारीक होता.

आम्ही बरण्या भरल्या, बोंबील भरले, डाळीचे डबे भरले. त्या रात्री मी पलंगावर हातपाय पसरून निजलो. दुसऱ्या दिवशी कचेरीतून जेवायला आलो तर मंडळी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी.

फडताळातलं सगळं सामान मधल्या खोलीत जमिनीवर आलं होतं. फेकलेलं नव्हे, मांडलेलं. जड डबे भिंतीलगत खाली, हलके वर, बरण्यांच्या मधल्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि सगळ्याला मिळून काथ्याची दोरी घट्ट आवळलेली. आमच्या घरात काथ्याची दोरी नव्हतीच.

“हे तुम्ही केलंत?” मंडळीनं विचारलं.

“मी कचेरीत होतो. तू केलंस?”

“मी विहिरीवर होते. आणि एवढं नीट मी कधी लावते का?”

हा मुद्दा बिनतोड होता. आम्ही सामान पुन्हा आत ठेवलं. दुसऱ्या दुपारी ते पुन्हा बाहेर. तिसऱ्या दिवसापासून तर हा आजार फडताळाबाहेर पसरला. वरवंटा पाट्याला बांधलेला सापडला. माझी दौत टेबलाच्या पायाला. कंदील खुंटीला दोन वेढे देऊन. देवघरातल्या घंटेची जीभ चिंधीत गुंडाळून गप्प केलेली. जे जे म्हणून घरंगळेल, लवंडेल, वाजेल, ते ते जखडलेलं. जणू घराचा नांगर कुणी उचलला होता आणि आम्ही कुठंतरी लांब निघालो होतो. हे सगळं भर दुपारी, टळटळीत उन्हात, जेव्हा आगरातली कावळ्यांची कावकावसुद्धा थांबते तेव्हा.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा जास्त जिव्हारी लागली ती निराळीच गोष्ट. नीराबाई एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, “व्हय गो वैनी, घर कसं झक्कास लावलंयस! तुझ्या घरधन्याला येवढं जमलं न्हवतं.” टापटिपीत नाव काढलेल्या माणसाला त्याच्याच घरात कुणीतरी मागं टाकावं, आणि तेही न दिसता!

मंडळी मात्र दोन-तीन दिवसांत सरावली. बायकांचं काळीज कशाचं असतं देव जाणे. “बांधतो तर बांधू दे,” ती म्हणाली. “दुधाच्या पातेल्याचं झाकण बांधतो हे बरंच झालं. मांजराला तोंड घालता येत नाही.” आणि कोपऱ्याकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाली, “तुपाचं पण बांधत जा.” दुसऱ्या दुपारी तुपाचं भांडं बांधलेलं होतं. तेव्हा मात्र ती देवापुढं जाऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

मी रावसाहेबांकडे रजा मागितली. कारण विचारलं. “घरात बांधाबांध चालली आहे,” म्हणालो. यात एक शब्द खोटा नव्हता, पण संध्याकाळपर्यंत टिपणिसांची बदली झाली अशी बातमी बंदरभर. जेवायला बसलो तर माझ्या हाताखालचा कारकून मेहुण्याला घेऊन घर बघायला हजर. मेहुण्यानं आढं बघितलं, न्हाणी बघितली, बांधलेला वरवंटा बघितला आणि म्हणाला, “सामान लावायला माणूस कोण ठेवलाय तुम्ही?” मी त्याला ताक पाजून वाटेला लावलं.

बुधाजीला बोलावून एक गाठ दाखवली. ती सुटत नव्हती. जेवढी ओढावी तेवढी आवळे. जन्मभर दोऱ्या ओढलेल्या त्या माणसानं हात पुढं केला आणि मागं घेतला. “न्हाय बा. मी ह्येला हात न्हाय लावायचा.” मग आपल्या सल्ल्यांवर आला. एक नारळ द्या, कोंबडा द्या, नाहीतर हरिहरेश्वराला जाऊन या. नीराबाईंचं मत पडलं की मी मिशा काढाव्यात. मिशांचा काय संबंध ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अखेर मी ठरवलं की आपण स्वतः पहारा द्यायचा. रविवारी मंडळी नीराबाईंकडे पापड वाळवायला गेली. ऊन नको म्हणून मी खिडक्या लोटून घेतल्या आणि मधल्या खोलीत पलंगाला टेकून, फडताळाकडे तोंड करून पाटावर बसलो. समोर अडकित्ता आणि सुपारी. बराच वेळ काही नाही. डोळा लागला असेल-नसेल.

मग आढं करकरलं. वाऱ्यानं करकरतं तसं नव्हे. होडी लाटेवर चढताना तिच्या फळ्या करकरतात तसं, सावकाश, लांबवर. हातातली सुपारी निसटली. सपाट, सारवलेल्या जमिनीवर ती घरंगळत पूर्वेच्या भिंतीपर्यंत गेली, थांबली, आणि तशीच सावकाश परत माझ्याकडे आली. मी वर बघितलं. आढ्याची सगळी शिंकाळी एकाच बाजूला कलली होती. बघता बघता ती सगळी मिळून दुसऱ्या बाजूला कलली. डबे हलले नाहीत, बरण्या हलल्या नाहीत. सगळं जागच्या जागी जखडलेलं. त्या घरात न बांधलेलं असं एकच सामान होतं, आणि ते मी होतो. पाटासकट मी भिंतीकडे सरकायला लागलो.

तेवढ्यात माझ्या मागं, अगदी कानाशी, कुणीतरी श्वास टाकला. खांद्यावर ओझं घेऊन फार वेळ उभं राहिलेला माणूस टाकतो तसा.

मी पळायला उठलो आणि तोंडावर आपटलो. माझा उजवा पाय पलंगाच्या खुराला काथ्यानं बांधलेला होता. मलाही जागच्या जागी लावून ठेवलं होतं!

मी काय ओरडलो ते आठवत नाही. नीराबाई म्हणतात की मी “रावसाहेब, रावसाहेब” ओरडत होतो. मला ते पटत नाही. त्यांनी कोयतीनं दोरी तोडली. तुटकी दोरी गाठीसकट मुठीत धरून मी, अंगात नुसता सदरा, डोक्यावर टोपी नाही, भर बाजारातून अलीमियाँच्या दुकानात गेलो.

अलीमियाँनी गाठ हातात घेतली, उलटी केली, उजेडाकडे धरली. त्यांचा जन्म दोऱ्यांत गेला होता. ते मटकन काथ्याच्या गुंडाळीवर बसले.

“ही डाव्या हातानं मारलेली आहे,” ते म्हणाले. “अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा. फकरुद्दीन. माझे भाईजान.”

आतून अम्मांचा आवाज आला, “कोण हाय रे?”

“टिपणीस,” मी म्हणालो, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “कुलूप शाबूत आहे.”

“कुलपाला काय चाटायचंय? फडताळ रिकामं हाय का?”

कचेरीत एवढा सरळ प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी आत गेलो आणि खाली मान घालून सांगितलं, “नाही, अम्मा. बोंबील भरलेत.”

मला वाटलं म्हातारी शिव्या घालील. पण त्या डब्यावर हात फिरवत बोलायला लागल्या. “ह्या अलीचं लगीन होतं. घरात पाव्हणे, हंडे, तांदळाच्या गोणी, पाय ठेवायला जागा न्हाय. आन फकरू बसऱ्याच्या गलबतावरनं आला. खांद्यावर पेटी. दारात हुबा राह्यला, म्हनला, ‘अम्मा, कुठं ठेवू?’ मी म्हटलं, ‘बाहेर ओटीवर ठेव, आत जागा न्हाय.’ हसला. सकाळी बघते तर पेटी न्हाय, तो न्हाय. परत गलबतावर गेला. ते गलबत पुन्हा कुनी बघितलं न्हाय. लगीन झाल्यावर पैलं ते फडताळ मोकळं केलं. तो येईल, तर त्याला बाहेर ठेव म्हनायला नको.”

अलीमियाँ दाराशी उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होते.

“आगोटीच्या आत सगळ्या होड्या घरला येतात,” अम्मा म्हणाल्या. “ह्या वरसाला आला तर आला. पुढली आगोट मला दिसायची न्हाय. आन त्याच दिसांत तुम्ही तिथं मासळी भरलीत, बाबा?”

मला रडू आलं. पेटी खांद्यावर घेऊन उभा असलेला तो माणूस रोज दुपारी येत होता, आमचं सामान बाहेर काढून जागा करत होता, आणि आम्ही रोज संध्याकाळी ते पुन्हा आत भरत होतो! तरी बिचाऱ्यानं एक बरणी फोडली नाही. वर मांजरापासून दूध राखलं.

घरी येऊन मंडळीला सांगितलं. तिनं फडताळ रिकामं केलं, फळ्या पुसल्या, उदाची धुरी दिली. मी झडपा लावून स्क्रू पक्के पिळले. सामान पुन्हा पलंगावर, पलंगाखाली, माझ्या उशाला, आणि आम्ही दोघं ओटीवर. त्या दिवसापासून घरात एक गाठ सापडली नाही. घर नुसतं गप्प झालं. कुणीतरी दाराबाहेर उभं राहून, आत बोलावतात का म्हणून कान देतं आहे, असं ते गप्प होणं होतं. आम्ही बोलायचो तेही हळू.

बंदरात एकेक होडी येऊन वाळूवर चढत गेली. शेवटची चढली, तिच्यावर नारळाच्या झावळ्यांची झापं पडली, तशी अम्मांनी हट्ट धरला की मला त्या घरी न्या. अलीमियाँ आणि बुधाजी यांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं. कमरेला चावी, मांडीवर पानाचा डबा. सुपं, डबे, पिशव्या यांतून वाट काढत खुर्ची फडताळापुढं ठेवली. त्यांनी स्वतः कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. काहीच नव्हतं. मग अम्मा वाकल्या आणि खालच्या फळीवर हात ठेवला.

तिथं चौकोनी ओल उमटली होती. पाण्यातून आणलेली पेटी टेकवून ठेवावी तशी, चारी कोपरे स्पष्ट. कडेकडेनं मीठ धरलेलं. अम्मांनी बोट जिभेला लावलं.

“आला,” त्या म्हणाल्या.

अम्मांनी वळून आमच्या मंडळीकडे बघितलं. “पोरी, लांबनं आलाय. जेवायला वाढलंस का त्याला?”

आमच्या मंडळीच्या घरात स्वयंपाकघराबाहेर शीत सांडलेलं चालत नाही. तिनं मुकाट्यानं केळीचं पान घेतलं, भात वाढला, वर बोंबलाचं कालवण वाढलं आणि ते पान त्या ओल्या चौकोनाशेजारी ठेवलं. दोन्ही हात जोडले.

अम्मा समाधानानं हसल्या. मग त्यांनी मान फिरवून पलंग, शिंकाळी, माझ्या उशाजवळची सोड्यांची पिशवी असं सगळं नजरेखालून घातलं आणि मला म्हणाल्या, “बाबा, तुमच्या घरात पसारा लई झालाय. आवरत जा जरा.”

मी “हो” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जाताना त्यांनी चावी मंडळीच्या हातात दिली. दुसऱ्या दुपारी तिनं फडताळ उघडलं. पान रिकामं होतं. नीट दुमडून, काथ्यानं बांधून ठेवलेलं. गाठ डावरी.

त्याच आठवड्यात अम्मा गेल्या. मी मय्यतीबरोबर कबरस्तानापर्यंत चालत गेलो. माघारी येताना अलीमियाँ म्हणाले, “टिपणीसराव, आता फडताळ तुमचं. बरण्या ठेवा, बोंबील ठेवा. आणि एक सांगा, अम्मांचा पानाचा डबा कुठं दिसला का तुम्हाला? सगळं घर शोधलं.”

मी नाही म्हणालो. घरी येऊन बघतो तर मंडळी बरण्यांची टोपली कडेवर घेऊन उघड्या फडताळापुढं उभी होती. तिनं मला खालची फळी दाखवली.

चौकोनी डाग वाळला होता, मिठाची पांढरी रेघ तेवढी राहिली होती. त्याच्या शेजारी, अगदी लगत, एक नवा ओला डाग होता. तो गोल होता.

“दोघांचं सामान मावलं हो,” मंडळी म्हणाली आणि तिनं झडपा हळूच लोटून घेतल्या.

त्या घरात आम्ही आणखी बरीच वर्षं राहिलो. कुलूप पुन्हा लावलं नाही. आमच्या बरण्या पलंगाखालीच राहिल्या, आणि कचेरीतली खिडकी उघडी.